कुलूप लागलं, पण चोर कुठाय?

बिघाड थांबला की तक्रार बंद, ही आपल्याकडची रीत मला पटत नाही. कॉलेजची कॉम्प्युटर लॅब सांभाळतो, म्हणून जरा ठासून बोलतो. एक जुनं प्रकरण सांगतो.

२००८चा सप्टेंबर. लिनक्स कर्नलच्या २.६.२७ची चाचणी चालू होती. उत्साही मंडळींनी ती मशीनवर चढवली आणि काहींच्या मदरबोर्डवरचं इंटेलचं नेटवर्क कार्ड कायमचं गप्प झालं. जुना कर्नल परत टाकूनही उपयोग नाही, कारण कार्डाचा पत्ता आणि सेटिंग ज्या कायमस्वरूपी मेमरीत असतात, तिथलाच मजकूर बिघडला होता. बोट गेलं ते साहजिकच ई-१०००-ई या ड्रायव्हरकडे. उबुंटूने तर आपल्या चाचणी आवृत्तीत तो बंदच करून टाकला.

इंटेलच्या इंजिनियरांनी वाद घातला नाही. ड्रायव्हर चालू होताच ती मेमरी लिहिण्यासाठी बंद होईल, अशी दुरुस्ती त्यांनी दिली. ९ ऑक्टोबरला २.६.२७ आला तो हे कुलूप घेऊनच.

आमच्याकडे फाईल इथेच मिटली असती. तिथे शोध चालू राहिला आणि बोट वळलं एफट्रेसकडे. कर्नलमधलं कुठलं फंक्शन कधी चालतं याचा माग ठेवणारी ही सोय त्याच आवृत्तीत नव्याने आली होती. ती कोडमधल्या जागांची यादी ठेवून नंतर तिथे बदल करायची. पण एखाद्या मॉड्यूलचं सुरुवातीचं काम आटोपलं की कर्नल त्याची जागा मोकळी करतो. एफट्रेसच्या यादीत मात्र पत्ता जुनाच, भाडेकरू बदलल्यावरही जुन्या नावाने टपाल यावं तसा. नवा भाडेकरू निघाला नेटवर्क कार्डाची मेमरी!

एफट्रेस बेफिकीर होतं असंही नाही. आधी जुना मजकूर जुळतोय का ते पाहायचं, मगच बदलायचं, अशी काळजी त्यात होती. पण त्यासाठी वापरलेली प्रोसेसरची सूचना मजकूर जुळला नाही तरी होता तोच परत लिहिते. साध्या रॅममध्ये त्याने काही बिघडत नाही. कार्डाच्या मेमरीला मात्र असं लिहिणं म्हणजे हुकूमच. हे सगळं जगासमोर मांडणाऱ्यांत एफट्रेसचे कर्ते स्टीव्हन रोस्टेड स्वतः होते. मला याचंच जास्त अप्रूप. २.६.२७.१मध्ये एफट्रेसचा तो भाग बंद झाला आणि पुढच्या आवृत्तीत जागा नोंदवण्याची पद्धतच बदलली.

नुसत्या कुलपावर समाधान मानलं असतं, तर कार्डं वाचली असती आणि एफट्रेस दुसऱ्या कुठल्या तरी उपकरणाच्या मेमरीत लिहायला मोकळं राहिलं असतं.

आमच्या लॅबच्या तक्रारवहीत ‘दुरुस्त’ असा एकच रकाना होता. मी शेजारी ‘कारण’ आखून घेतला. मेंटेनन्सवाला कुरकुरतो, ‘सर, चालू झालंय ना आता?’ झालंय. पण रकाना भरल्याशिवाय माझी सही मिळत नाही.