भेग ओसरीला, दुखणे पायाला

“दरवर्षी शिमिट भरतो अन् दरवर्षी फाटतंय, साहेब.” इंदापूर तालुक्यातल्या एका वस्तीवर घरमालक ओसरी आणि घराच्या भिंतीमधली भेग दाखवत होते. मे महिना होता. भेगेत करंगळी सहज शिरत होती. पाऊस लागला की ती आपोआप मिटते, हेही त्यांनीच सांगितले. अर्धे निदान तिथेच झाले. तरी हाती आलेल्या कोटेशनमध्ये जाड खांब, जास्त सळई, ग्रॅनाइट असे सगळे होते. पायाची खोली मात्र जुनीच, दोन फूट.

जुनी ओसरी उतरवून भक्कम ओसरी बांधण्याची कामे आपल्यापैकी अनेकांकडे येतात. बारामती-इंदापूरच्या काळ्या रानात त्यांचा निकाल जमिनीखाली लागतो. घराचा पाया बहुधा मुरमापर्यंत गेलेला असतो. ओसरी मागाहून चिकटवलेली. काळी माती पाणी पिऊन फुगते, सुकली की आकसते. त्यात एका अंगाला उसाचा पाट, दुसऱ्या अंगाला कोरडे अंगण. ओसरीचा एक कोपरा उचलतो, दुसरा बसतो आणि घर जागचे हलत नाही. मग भेग पडणारच.

म्हणून दर सांगण्याआधी एक खड्डा घ्या. मुरूम आवाक्यात असेल तर खांबांचे पाय तिथेच टेकवा. काळी खोल असेल तर अंडर-रीम्ड पाइल घ्या. भारतीय मानकानुसार अशा मातीत त्याची लांबी किमान ३.५ मीटर हवी. उकरलेली काळी माती जोत्याच्या भरावात परत ढकलू नका. न फुगणाऱ्या, पण चिकटून राहणाऱ्या मातीचा साधारण मीटरभर थर खालचा फुगवटा दाबून धरतो, हे आयआयटी मुंबईच्या प्रा. आर. के. कट्टी यांनी दाखवून दिले आहे. घर आणि ओसरी यांच्यात इंचभर सांधा मोकळा सोडा. जुन्या भिंतीत सळया ठोकून स्लॅब अडकवू नका. आणि पन्हळीचे पाणी खांबाच्या बुडाशी पडू देऊ नका.

दुसरी मागणी असते उबेची. थंडीत बसता यावे म्हणून काचा लावून ओसरी बंद केली, तर मेमध्ये तिची भट्टी होते. त्यापेक्षा सूर्याला कामाला लावा. आपण १८ अंश अक्षांशाच्या आसपास आहोत. २१ डिसेंबरच्या माध्यान्हीला सूर्य क्षितिजापासून साधारण ४८ अंशांवर असतो, तर मेच्या मध्याला थेट डोक्यावर. दक्षिणेच्या ओसरीची वळचण ९ फुटांवर ठेवली, तर डिसेंबरात भरदुपारी ऊन ८ फूट आत येते. मेमध्ये त्याच वेळी ते पायरीवरच थांबते. दक्षिणेला दार नको म्हणणाऱ्या मालकाला पूर्वेची ओसरी द्या, सकाळचे कोवळे ऊन मिळेल. पश्चिमेला मात्र आडोसा हवाच. जुने सागवानी खांब धड असतील तर भंगारात घालू नका. हलक्या छपराखाली, दगडी उथळ्यावर उभे केले की ओल आणि वाळवी दोन्ही दूर राहतात.

त्या घरमालकांना आम्ही एवढेच म्हणालो, “ग्रॅनाइटचे पैसे खड्ड्यात घाला.” ते आधी चमकले, मग हसले आणि टिकाव आणायला त्यांनी पोराला हाक मारली.