शौर्याआधी कोरडी दारू

१/ किन्हवली-माहुली पट्ट्यातला पाऊस ज्याने अनुभवला आहे, त्याला तोड्याच्या बंदुकीची अडचण समजावून सांगावी लागत नाही. तोडा विझला किंवा रंजक ओली झाली, की बंदूक म्हणजे निव्वळ दांडके.

२/ तरीही गडांवरच्या बहुतेक चित्रफिती तलवारीच्या खणखणाटापाशीच थांबतात. गड शौर्याने राखले, हे खरे. केवळ शौर्याने राखले, हे अर्धसत्य.

३/ रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र (सुमारे १७१५) पाहावे. दारूखाना घरांपासून दूर असावा. दर आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने येऊन दारू व बाण बाहेर काढावेत, त्यांना ऊन द्यावे आणि पुन्हा मोहोर करून ठेवावे, अशी त्यात आज्ञा आहे.

४/ शत्रू नसताना ही उठाठेव कशासाठी? वेढा पडल्यावर दारू सर्दावल्याचे कळून उपयोग नसतो. शस्त्राची परीक्षा शत्रूने घेण्याआधी आपण घ्यावी लागते.

५/ अशा तपशिलांनी पराक्रम उणावतो, असे म्हणणाऱ्यांनी बुरुजावरच्या शिपायाचा विचार करावा. त्याच्या हाती सर्दावलेली दारू देऊन पराक्रमाची अपेक्षा धरणे, हा त्याचा गौरव नव्हे, घात आहे.