आमची गणना करा, पाळत नको!

"प्रायव्हसी हे श्रीमंतांचे चोचले आहेत, आपल्याकडे लपवण्यासारखे आहेच काय?" असे चळवळीतली पोरे सहज बोलून जातात. मित्रांनो, ज्या समाजात आडनाव ऐकून घरमालकाची रिकामी खोली अचानक 'आधीच गेलेली' असते, त्या समाजाने हे वाक्य बोलू नये.

हार्वर्ड विद्यापीठातील प्राध्यापक लतान्या स्वीनी यांचे संशोधन आपण समजून घेतले पाहिजे. २००१ मध्ये एमआयटीतून संगणकशास्त्रात पीएचडी मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री. १९९० च्या दशकात मॅसॅच्युसेट्स राज्यातील एका सरकारी संस्थेने कर्मचाऱ्यांच्या आजारपणाच्या नोंदी नावे काढून संशोधकांना दिल्या. नाव नाही म्हणजे ओळख नाही, असा समज होता. तेव्हा विद्यार्थिनी असलेल्या स्वीनींनी केंब्रिज शहराची मतदार यादी २० डॉलरला विकत घेतली आणि जन्मतारीख, लिंग व पिनकोड ताडून पाहिले. गव्हर्नर विल्यम वेल्ड यांच्या जन्मतारखेचे शहरात सहा जण होते, त्यात पुरुष तीन, आणि त्या पिनकोडमध्ये एकटे वेल्ड! राज्याच्या प्रमुखाचे आजारपण उघडे पडले. मग सामान्य माणसाचे काय?

२०१३ मध्ये त्यांनी दुसरा अभ्यास प्रसिद्ध केला. गूगलवर स्वतःचे नाव शोधताना त्यांना 'अटक झाली होती का?' असे सुचवणारी जाहिरात दिसली होती. त्यांना कधीच अटक झालेली नव्हती. मग त्यांनी दोन हजारांहून अधिक नावे तपासली. कृष्णवर्णीयांची वाटणारी नावे शोधली की अशा जाहिराती जास्त दिसत होत्या. असे का घडले असावे? लोक ज्या जाहिरातीवर जास्त क्लिक करतात तीच यंत्र पुढे करते, ही एक शक्यता त्यांनी मांडली. तसे असेल तर समाजाच्या मनातला पूर्वग्रहच यंत्र शिकते, आणि 'हे तर गणित आहे' म्हणून परत समाजाच्या माथी मारते.

अमेरिकेत नावावरून वंश कळतो, तर महाराष्ट्रात आडनाव, गाव आणि वस्ती एवढ्यावर जात कळते. उद्या नोकरीचे अर्ज छाटणाऱ्या किंवा कर्ज नाकारणाऱ्या सॉफ्टवेअरला जातीचा रकाना लागणारच नाही. घरमालकाला निदान तोंडावर जाब विचारता येतो. यंत्राला कोण विचारणार?

यावर कोणी म्हणेल, एकीकडे जातगणना मागता आणि दुसरीकडे जात झाका म्हणता? यात विरोध नाही. १९३२ मध्ये लोथियन समितीपुढे अस्पृश्यांची संख्या कमी दाखवण्याचा खटाटोप झाला, तेव्हा बाबासाहेब त्याविरुद्ध उभे राहिले. संख्या हा हक्काचा पाया आहे. पण गणना समूहाची असते आणि पाळत माणसावर असते. गणनेतून प्रतिनिधित्व मागता येते, पाळतीतून माणूस वेगळा काढून बाजूला सारता येतो.

२०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०१९ च्या डेटा संरक्षण विधेयकात जात-जमात 'संवेदनशील माहिती' होती. २०२३ च्या कायद्यात तो वर्गच गायब आहे! उलट त्याच कायद्याने माहिती अधिकाराच्या आठव्या कलमात बदल करून 'वैयक्तिक माहिती' नाकारण्याची वाट रुंद केली. म्हणजे अधिकाऱ्याला पडदा आणि आपल्या जातीला संरक्षण नाही.

म्हणून मागण्या स्पष्ट हव्यात. जात-जमात कायद्याने संवेदनशील माहिती ठरवा. नोकरी, कर्ज आणि सरकारी योजनांतील सॉफ्टवेअरची जातीय भेदभावासाठी स्वतंत्र तपासणी करा आणि निष्कर्ष जाहीर करा. यंत्राने नाकारलेल्या प्रत्येकाला कारण विचारण्याचा हक्क द्या.

आणि संगणक शिकणाऱ्या आपल्या पोरापोरींनो, पॅकेज जरूर मिळवा. पण स्वीनींनी केले तसे यंत्राला प्रश्नही विचारा. ते तपासायला दुसरे कोणी येणार नाही.