काळ्या ऑइललाही भाव हवा

पुण्यात मंडईच्या गजबजाटातून नाना पेठेकडे वळलं की थोड्याच वेळात दुचाकीच्या सुट्या भागांची दुकानं लागतात. आसपासच्या गल्ल्यांत गाड्यांची कामं रस्त्याकडेलाच चालतात. मेकॅनिक इंजिनाखालचा नट सैल करतो, कापलेल्या कॅनमध्ये काळीकुट्ट धार पडते, वरून नवं ऑइल ओतलं की गाडी चालू. गाडीवाला निघून जातो. त्या लिटरभर काळ्या ऑइलचं पुढे काय होतं, हे तो विचारत नाही. त्यानं ते विचारायला हवं.

बरेच मेकॅनिक ते साठवून विकतात. त्यातलं काही बांधकामावर सेंटरिंगच्या प्लेटांना फासलं जातं, काही भट्टीत जळतं. जे सांडतं किंवा कंटाळून ओतून दिलं जातं, ते पावसाबरोबर गटारात जातं. जवळूनच नागझरी वाहते. ती मुठेला मिळते, मुळा-मुठा भीमेला, आणि भीमेवर उजनी धरण आहे. सोलापूर त्याच धरणाचं पाणी पितं.

जुनी बॅटरी मात्र कचराकुंडीत सहसा दिसत नाही. दुकानदार ती वजनावर परत घेतो आणि नवीच्या किमतीतून तेवढे पैसे वजा करतो; तिच्या निम्म्याहून जास्त वजन शिशाचं असतं. परत घेण्याचा नियम 2001 पासून आहे, 2022 मध्ये तो आणखी कडक झाला. भंगारात बॅटऱ्या फोडताना आम्ल सांडतं, तो प्रश्न उरतोच. पण गाडीवाल्याच्या हातून बॅटरी योग्य जागी जाते, कारण तिचे पैसे मिळतात.

ऑइललाही हेच लागू करावं. वापरलेल्या ऑइलच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी 1 एप्रिल 2024 पासून उत्पादकांवर आहे, पण नाना पेठेतल्या गल्लीत ती कुठे दिसत नाही. कंपन्यांनी नव्या डब्यावर वीस-तीस रुपये अनामत घ्यावी आणि त्याच डब्यात काळं ऑइल परत आलं की ती परत करावी. महापालिकेनं मंडईच्या वाहनतळांवर झाकणाचे ड्रम ठेवावेत. कूलंट आणि ब्रेक ऑइलसाठी ड्रम वेगळे हवेत, कारण मिसळलेलं ऑइल शुद्ध करणं अवघड जातं. शिवाय कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल गोडसर असतं. रस्त्यावर सांडलेलं कुत्री-मांजरं चाटतात आणि त्यानं मरतात.

हे ड्रम येत्या पावसाळ्याआधी बसले पाहिजेत, आणि ते उचलायला येणारी गाडी नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया कारखान्याचीच असली पाहिजे.