शाळेच्या नियमांचा कागद दोन्ही बाजूंनी वाचा

पालकांच्या सहीसाठी येणाऱ्या कागदावर पालकांची कर्तव्ये असतात. शाळेची कर्तव्ये कायद्यात आहेत. शिरूर-दौंडसारख्या ये-जा असलेल्या तालुक्यांत ती माहीत असणे का गरजेचे आहे?

जून महिना आला की पालकांच्या हातात एक छापील कागद पडतो. कोणत्या वारी कोणता गणवेश, शाळा किती वाजता भरणार, रजेसाठी अर्ज कसा द्यायचा, पालकसभेला कोणी यायचे, डब्यात काय चालणार नाही. तळाशी एक ओळ असते, 'वरील सर्व नियम मला मान्य आहेत', आणि त्याखाली सहीची जागा. बरेच पालक तो नीट न वाचताच सही करतात. त्यात विचारण्यासारखे काही नसते, फक्त मान्य करायचे असते.

नियम नकोत, असे कोणी म्हणणार नाही. चाळीस मुलांचा वर्ग वेळेच्या शिस्तीशिवाय चालत नाही. मूल आज का आले नाही, हे बाईंना कळायलाच हवे. प्रश्न वेगळा आहे. या कागदाची मागची बाजू बहुतेक वेळा कोरी असते. शाळेने मुलासाठी काय केलेच पाहिजे आणि काय करता कामा नये, हेही ठरलेले आहे. 'बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९' १ एप्रिल २०१० पासून लागू आहे आणि राज्याने त्याचे नियम २०११ मध्ये केले. ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलासाठी ही मागची बाजू लिहिलेली आहे. ती पालकांपर्यंत पोहोचत नाही, एवढेच.

इथली मुले एका जागी राहत नाहीत

शाळेचा नियम लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर एक ठरावीक कुटुंब असते. स्वतःचे घर, वर्षभर एकच पत्ता, कागदपत्रांची फाइल, दुपारी घरी असणारे कोणीतरी. शिरूर आणि दौंड तालुक्यांत अशी कुटुंबे आहेतच. पण तशी नसलेलीही खूप आहेत.

रांजणगाव, सणसवाडी, शिक्रापूर, कोरेगाव भीमा या पट्ट्यातील कारखान्यांत मराठवाडा, विदर्भ, उत्तर प्रदेश आणि बिहारमधून आलेले कामगार भाड्याच्या खोल्यांत राहतात. कंत्राट संपले की खोली बदलते आणि खोलीबरोबर मुलांची शाळाही. दौंड तालुक्यात साखर कारखाने आहेत, केडगाव-राहू भागात गुऱ्हाळे आहेत, भीमेच्या काठाने वीटभट्ट्या आहेत. गाळप हंगाम सुरू झाला की बीड, अहिल्यानगर भागातून ऊसतोडणीच्या टोळ्या येतात. त्यांच्याबरोबर मुलेही येतात, आणि हा हंगाम नेमका शाळेच्या दुसऱ्या सत्रावर येतो. कुरकुंभची औद्योगिक वसाहत, दौंडचे रेल्वे जंक्शन आणि राज्य राखीव पोलीस दलाचे तळ यांमुळे बदलीवर येणारी-जाणारी नोकरदार कुटुंबेही इथे आहेत.

म्हणजे या दोन तालुक्यांत वर्षाच्या मध्यात शाळा बदलणे ही अपवादाची गोष्ट नाही. त्यामुळे 'प्रवेशाची मुदत संपली', 'दाखला आणा', 'आधार कार्ड आणा' ही तीन वाक्ये इथे इतर ठिकाणांपेक्षा जास्त नुकसान करतात.

दाखला नाही म्हणून प्रवेश नाही?

"मॅडम, दाखला गावाकडच्या शाळेतच राहिलाय," असे सांगणाऱ्या आईला बऱ्याचदा "मग आधी दाखला आणा" असे उत्तर मिळते. दाखल्यासाठी गावी जायचे तर दोन दिवसांची मजुरी आणि एसटीचे भाडे जाते. मग जाणे लांबते आणि मूल घरीच राहते.

कायद्यात याचे उत्तर स्पष्ट आहे. कलम ५ नुसार मुलाला कोणत्याही कारणाने शाळा बदलावी लागली, तर आधीच्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी दाखला तात्काळ दिला पाहिजे. दाखला यायला उशीर झाला, हे शासकीय किंवा अनुदानित शाळेला प्रवेश लांबवण्याचे किंवा नाकारण्याचे कारण होऊ शकत नाही. उलट दाखल्यासाठी ताटकळत ठेवणाऱ्या मुख्याध्यापकांवर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. पूर्ण विनाअनुदानित खासगी शाळांना मात्र असा मधूनच प्रवेश देण्याची सक्ती या कलमाने केलेली नाही, हेही लक्षात ठेवावे.

वयाच्या पुराव्याचेही तसेच. कलम १४ सांगते की वयाचा पुरावा नाही म्हणून कोणत्याही मुलाला प्रवेश नाकारता येणार नाही. जन्मदाखला नसेल तर दवाखान्यातील नोंद, अंगणवाडीतील नोंद किंवा पालकांचे स्वतःचे लेखी निवेदनही चालते. राज्यात पहिलीच्या प्रवेशासाठी त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला मुलाची सहा वर्षे पूर्ण होत असली पाहिजेत. आधार कार्डाबाबत सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्येच सांगितले आहे, की शाळाप्रवेशासाठी ते सक्तीचे करता येणार नाही.

मुलाची दोन वर्षे वाया गेली असतील, तर त्याला पुन्हा पहिलीत बसवायचे नाही. कलम ४ नुसार वयाप्रमाणे वर्ग द्यायचा आणि मागे पडलेला अभ्यास भरून काढण्यासाठी विशेष प्रशिक्षण द्यायचे. प्रवेश देण्यापूर्वी मुलाची परीक्षा किंवा पालकांची मुलाखत घेणेही कलम १३ ने बंद केले आहे. खासगी शाळांनाही हे लागू आहे. पहिल्या उल्लंघनाला २५ हजार रुपयांपर्यंत आणि पुढच्या प्रत्येक उल्लंघनाला ५० हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

मग शाळा अडून का बसते?

सगळा दोष शिक्षकांच्या माथी मारणे सोपे आहे, पण ते बरोबर नाही. मुख्याध्यापकांवरचा दबाव समजून घ्यायला हवा. कायद्याच्या परिशिष्टानुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक आणि ६१ ते ९० मुलांना तीन शिक्षक असतात. पट ६१ वरून ६० वर आला की एक पद धोक्यात येते. ही शिक्षकसंख्या ठरवणाऱ्या संचमान्यतेसाठी ३० सप्टेंबरचा पट आणि मुलांच्या आधारची पडताळणी पाहिली जाते.

आता ऊसतोडणीचे चित्र यावर ठेवून पाहा. बीडमधल्या गावच्या शाळेला आपल्या पटावरचे नाव कमी करायचे नसते. दौंडमधल्या शाळेत नोव्हेंबरात आलेल्या मुलासाठी त्या वर्षी जादा शिक्षक मिळत नाही, वर्गात गर्दी मात्र वाढते. शिवाय ते मूल मार्च-एप्रिलमध्ये परत जाणार. दोन्ही मुख्याध्यापक आपापल्या कागदानुसार योग्यच वागत असतात आणि मूल फडावर बसून राहते.

यावर उपाय काढलेला आहे. तात्पुरत्या स्थलांतरित मुलांसाठी 'शिक्षण हमी कार्ड' आहे. मूळ शाळेने ते द्यायचे आणि नव्या गावातील शाळेने ते पाहून मुलाला वर्गात घ्यायचे. मूळ पटावरचे नाव तसेच राहते, त्यामुळे हंगामापुरत्या येणाऱ्या मुलासाठी दाखल्याची गरजच उरत नाही. शाळाबाह्य मुलांच्या शोधासाठी जुलै २०२२ मध्ये राज्याने 'मिशन झिरो ड्रॉपआऊट' ही मोहीमही राबवली होती. पण कोपीवर राहणाऱ्या आई-बापाला या कार्डाचे नावही माहीत नसेल, तर ते मागणार कोण?

उशीर, गैरहजेरी आणि शिक्षा

'उशिरा येणाऱ्यास प्रवेश दिला जाणार नाही' हा नियम फाटकावर रंगवलेला दिसतो. शिरूरच्या घोड नदीकाठच्या गावांत याचा अर्थ काय होतो, ते पाहावे. जांबूत-पिंपरखेड भागात उसाच्या फडांत बिबट्यांचा वावर आहे. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत लहान मुलांचे जीव गेले. अशा ठिकाणी वस्तीवरचे मूल चांगले उजाडल्यावर आणि कोणाच्या तरी सोबतीने निघणार. त्याला फाटकाबाहेर उभे करणे म्हणजे शिस्त म्हणायची का?

वेळेबाबत राज्य शासनाने ८ फेब्रुवारी २०२४ रोजी निर्णय काढला. पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ नंतर भरवायचे आहेत. मुलांच्या झोपेचा विचार करून घेतलेला हा निर्णय चांगलाच आहे. पण रांजणगावात सकाळच्या पाळीला जाणारे आई-वडील मूल कोणाकडे सोपवून जातात, हा प्रश्न त्यातून उभा राहतो. पालकसभेत यावर बोलणे झाले तर शेजारच्या दोन घरांनी मिळून मुले सोडण्याची सोय लागू शकते. सूचना वहीत लिहून पाठवल्याने ती लागत नाही.

शिक्षेच्या बाबतीत तडजोड नाही. कलम १७ नुसार मारणे आणि मानसिक त्रास देणे दोन्ही बंद आहे. छडी तर नाहीच. पण फी थकली म्हणून वर्गाबाहेर बसवणे किंवा सगळ्यांसमोर अपमान करणे हीसुद्धा शिक्षा मुलाला द्यायची नाही.

गैरहजेरी वाढली म्हणून आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. 'आता कोणी नापासच होत नाही' हे मात्र आता खरे नाही. डिसेंबर २०२३ च्या निर्णयानुसार राज्यात पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे. अनुत्तीर्ण झाल्यास फेरपरीक्षा मिळते आणि त्यातही यश आले नाही, तर मूल त्याच वर्गात राहू शकते. हंगामात चार-पाच महिने शाळेबाहेर राहिलेल्या मुलाला याचा फटका सर्वांत आधी बसणार. म्हणून नोव्हेंबरमधला प्रवेश आता पूर्वीपेक्षाही जास्त महत्त्वाचा झाला आहे.

पालकांची बाजू

हक्कांची यादी वाचून पालकांची जबाबदारी संपत नाही. मुलाला शाळेत पाठवणे हे कलम १० नुसार पालकांचे कर्तव्य आहे. लग्नसराई, जत्रा, कांदा काढणी या कारणांनी मूल आठ-आठ दिवस घरी ठेवायचे आणि परीक्षेत मागे पडले की शिक्षकांना जाब विचारायचा, हे चालणार नाही. पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० आणि सहावी ते आठवीसाठी २२० कामाचे दिवस ठरलेले आहेत. त्यातले तीस-चाळीस दिवस असे गेले, तर वाचन-गणित कच्चे राहणारच.

दुसरी जबाबदारी बैठकीला जाण्याची. शासकीय आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात किमान ७५ टक्के सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. शाळेच्या विकासाचा आराखडा आणि अनुदानाचा खर्च ही समिती पाहते. पण गावाबाहेरून आलेले, खोल्यांत राहणारे पालक या समितीत किती दिसतात, हे प्रत्येक शाळेने स्वतःला विचारावे. ज्यांच्यावर नियमांचा भार जास्त पडतो, त्यांनाच नियम ठरवताना जागा नसते.

तक्रार कुठे करायची?

आधी मुख्याध्यापकांशी बोलावे. तिथे काम झाले नाही तर केंद्रप्रमुख आणि त्यानंतर पंचायत समितीतील गटशिक्षणाधिकारी. तोंडी सांगून थांबू नका, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. कलम ३२ नुसार स्थानिक प्राधिकरणाने अशा तक्रारीवर तीन महिन्यांत निर्णय द्यायचा आहे. तो मान्य नसेल तर राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते. मुलावर अत्याचार होत असेल किंवा तातडीची मदत हवी असेल, तर १०९८ हा क्रमांक आहे.

एवढे तरी करता येईल

यासाठी नवा कायदा नको, निधीही नको. शिरूर आणि दौंडच्या पंचायत समित्यांनी तीन गोष्टी करून पाहाव्यात. पहिली, पालकांच्या सहीसाठी जाणाऱ्या प्रत्येक कागदाच्या मागे शाळेची कर्तव्ये छापावीत. डाव्या बाजूला पालकांची सही, उजव्या बाजूला मुख्याध्यापकांची. औद्योगिक पट्ट्यात तो कागद हिंदीतही असावा आणि वाचता न येणाऱ्यांसाठी पहिल्या पालकसभेत मोठ्याने वाचून दाखवावा.

दुसरी, गाळप सुरू होण्यापूर्वी साखर कारखान्यांचे गट कार्यालय, गुऱ्हाळमालक आणि वीटभट्टीचालक यांच्याकडून मजूर कुटुंबांतील मुलांची यादी घ्यावी. कोणती टोळी कोणत्या गावात उतरणार, हे कारखान्याला आधीच ठाऊक असते. शाळेला ते महिन्याभराने कळते. तिसरी, फाटकावरची 'प्रवेश दिला जाणार नाही' ही पाटी उतरवून तिथे 'दाखला नसला तरी मुलाला आत घेऊन या' असे लिहावे.

शिरूर तालुक्यातल्याच वाबळेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे नाव राज्यभर झाले, ते ग्रामस्थ आणि शिक्षक एकत्र उभे राहिल्यामुळे. तसे सहकार्य एकतर्फी सहीने मिळत नाही. यंदा शाळेने कागद पुढे केला, तर सही करण्यापूर्वी तो उलटा करून पाहा. मागची बाजू कोरी असेल, तर पुढच्या पालकसभेत तिचा विषय काढा.