नजर स्क्रीनवर ठेवा

दर दोन-तीन महिन्यांनी एक लेख माझ्या व्हॉट्सॲपवर येतो. कंपनीचं नाव बदलतं, शहर बदलतं, मजकूर तोच. कुणी एक उद्योजक, भरल्या पगाराची नोकरी सोडून त्यानं अपंगांना संगणकावरची कामं देणारी कंपनी काढली, आज तिथं इतकी माणसं कमावतात. खाली फोटो. फोटोत काय आहे ते मला कळत नाही, कारण लेख आंधळ्यांबद्दल असला तरी फोटोला वर्णन जोडायचं कुणाच्या लक्षात येत नाही. पाठवणारा सोबत एक इमोजी टाकतो. माझा स्क्रीन रीडर ती मोठ्यानं वाचून दाखवतो: जोडलेले हात.

मी पूर्ण आंधळा आहे. दिव्यांग म्हणून हाक मारलीत तरी ओ देईन, पण अंगात दिव्य असं काही नाही. पाठीत कळ असते, ती बैठ्या कामामुळे. पुण्यात हिंजवडीला नोकरी करतो. वेबसाइट आणि ॲप न बघणाऱ्या माणसाला वापरता येतात का, ते तपासायचं काम. आणि त्या लेखांतल्या उद्योजकांशी मला भांडायचंय. भांडण जरा अवघड आहे, कारण त्यांच्यातल्याच एकानं मला पहिली नोकरी दिली.

फोनवर ग्राहकांच्या तक्रारी ऐकून संगणकात नोंदवायच्या. पगार ९,००० रुपये, महिन्याच्या सात तारखेला बिनचूक. आईनं पेढे वाटले होते. सर माणूस म्हणून लाखात एक. इमारतीला रॅम्प, येण्याजाण्याला गाडी, संडासाचं दार व्हीलचेअर आत जाईल एवढं रुंद. काम देणाऱ्या मोठ्या कंपन्यांची माणसं आली की सर त्यांना मजल्यावरून फिरवायचे आणि दर वेळी एक वाक्य ठरलेलं: "आमच्याकडची माणसं सोडून जात नाहीत." पाहुणे खूश व्हायचे. इतर ठिकाणी शिकवलेला पोरगा वर्षभरात पळतो, हा पळत नाही.

पळणार कुठं? माझ्या शेजारी बसणारा मित्र व्हीलचेअर वापरायचा. त्याला दुसरीकडे जवळजवळ दीडपट पगार मिळत होता. तो ऑफिस बघून आला. दोन पायऱ्या चढल्याशिवाय तिथल्या संडासात जाता येत नव्हतं. त्यानं नोकरी नाकारली आणि आमच्याकडे पुढची तीन वर्षं काढली. सरांच्या भाषणात तो निष्ठावान कर्मचारी म्हणून मोजला गेला. अडकलेल्या माणसाला निष्ठावान म्हणायचं आणि तेच गिऱ्हाइकाला विकायचं, ही गोष्ट मला आजही गिळत नाही. मी सरांना एकदा तसं बोलून दाखवलं. ते म्हणाले, "अरे, हे सांगितलं म्हणून काम मिळतं. दुसरं काय सांगू?" त्यांचंही खोटं नव्हतं. तेवढा धंदा उभा राहिला म्हणूनच माझी सात तारीख चुकत नव्हती.

या सगळ्या कथांचा एक नमुना डेन्मार्कचा. थॉर्किल सोन्ने हा टेलिकॉम कंपनीत नोकरी करणारा माणूस. मुलाला ऑटिझम असल्याचं कळलं आणि त्यानं २००४ मध्ये स्पेशालिस्टर्न नावाची कंपनी काढली. ऑटिस्टिक माणसांनी सॉफ्टवेअर तपासायचं आणि बाजारभावानं पैसे घ्यायचे. त्याची एक गोष्ट मला मनापासून पटते. त्यानं मुलाखत बाजूला ठेवली आणि उमेदवारांना लेगोचे यंत्रमानव जुळवायला दिले. मुलाखतीत आपण काय बघतो? डोळ्यात डोळे घालून बोलतो का, हवापाण्याच्या गप्पा मारतो का. चुका शोधण्याच्या कामाशी त्याचा संबंध काय? माणूस बदलायच्या ऐवजी त्यानं परीक्षा बदलली.

पण जगानं त्यातून भलतंच उचललं. एसएपी या जर्मन कंपनीनं २०१३ मध्ये जाहीर केलं की २०२० पर्यंत आपले १ टक्का कर्मचारी ऑटिस्टिक असतील. जिकडेतिकडे मथळे आले: ऑटिझम म्हणजे वरदान, ही माणसं चुका हेरतात, कंटाळत नाहीत. मग ज्याला चुका हेरता येत नाहीत, जो माझ्यासारखा दुपारी तीनला पेंगतो, त्या ऑटिस्टिक पोराचं काय? माझ्या ऑफिसात डोळस माणसं साधारण काम करतात, साधारण पगार घेतात, चहाला अर्धा तास लावतात. त्यांच्यावर लेख येत नाहीत आणि त्यांना कुणी काढतही नाही. मला तेवढंच हवंय. पण आम्ही आत यायचं तर असामान्य होऊन यायचं, असा नियम पडलाय.

उद्योजकाचंच कौतुक करायचं असेल तर मी टेड हेंटरचं करीन. अमेरिकेचा मोटारसायकल शर्यतपटू. १९७८ मध्ये इंग्लंडमध्ये मोटार अपघातात दृष्टी गेली. मग तो प्रोग्रामिंग शिकला आणि बिल जॉइस या भागीदाराबरोबर १९८७ मध्ये कंपनी काढली. पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं त्यांचं सॉफ्टवेअर जॉज. या नावाची फोड आहे 'जॉब ॲक्सेस विथ स्पीच'. नावातच नोकरी. हेंटरनं आंधळ्यांना एका छताखाली गोळा करून काम वाटलं नाही. त्यानं असं हत्यार दिलं, जे घेऊन कुठल्याही ऑफिसात जाता येतं आणि बॉस आवडला नाही तर सोडताही येतं.

महाग होतं म्हणा. आमच्यातल्या कितीतरी जणांनी चोरून वापरलं. ज्यानं वापरलं नाही त्यानं पहिला दगड मारावा. मग २००६ मध्ये ऑस्ट्रेलियात मायकेल करन या आंधळ्या तरुणानं एनव्हीडीए सुरू केलं. जेम्स टेह हा त्याचा जोडीदारही आंधळाच. फुकट, आणि ज्याला हवा त्यानं कोड उघडून बघावा. हा लेख मी त्यावरच लिहितोय. त्यातला मराठी आवाज सर्दी झालेल्या तलाठ्यासारखा आहे, पण माझं पोट त्या आवाजावर चालतं.

आणि आता आपला कायदा. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा. सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के आरक्षण. खासगी कंपन्यांसाठी कलम ३५: निदान ५ टक्के कर्मचारी अपंग असावेत म्हणून सरकारनं कंपन्यांना सवलती द्याव्यात, तेही आपली आर्थिक कुवत बघून. म्हणजे खासगी कंपनीवर सक्ती शून्य. तिथं आमचं काय होणार ते एखाद्या सरांच्या चांगुलपणावर. त्यामुळे लेख येतात आणि हात जोडले जातात.

दोन वर्षांपूर्वी मी एका मोठ्या कंपनीत अर्ज केला. पहिली फेरी ऑनलाइन परीक्षा. उमेदवारानं कॉपी करू नये म्हणून कॅमेरा चालू आणि सॉफ्टवेअरचा पहारा. तिसऱ्या प्रश्नाला इशारा आला: तुमची नजर स्क्रीनवर नाही. मी मान सरळ केली. पुन्हा इशारा. अंदाजानं चेहरा इकडेतिकडे फिरवून बघितला, त्यानं संशय आणखी वाढला असणार. तिसऱ्या इशाऱ्यानंतर परीक्षा बंद. अर्जात 'अंधत्व, १०० टक्के' या रकान्यावर मी खूण केली होती. तक्रारीला उत्तर आलं की आम्हाला आपल्या जिद्दीचा आदर आहे. ३ डिसेंबर जवळ आला तसं त्याच कंपनीतून बोलावणंही आलं, जागतिक अपंग दिनी कर्मचाऱ्यांसमोर प्रेरणादायी भाषण करायला. शाल, श्रीफळ आणि कुंडीतलं रोप. मी गेलो नाही. बायको म्हणाली, रोप तरी आणायचंस.

एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला. बँकेच्या ऑनलाइन ओळख तपासणीत कॅमेऱ्यासमोर पापणी मिटायला सांगतात. ॲसिड हल्ल्यात डोळे गेलेल्यांनी आणि अंध माणसांनी ती कशी मिटायची, असा प्रश्न होता. न्यायालय म्हणालं, डिजिटल सेवा वापरता येणं हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. छान वाटलं. पण ॲप कुणी न्यायमूर्ती लिहीत नाहीत. ते तुमच्यातलं कुणीतरी लिहितं, पंचविशीतलं, शुक्रवारी संध्याकाळी घाईघाईत, आणि बटणाला नाव द्यायचं राहून जातं. मग माझा फोन म्हणतो: बटण, बटण, बटण, लेबल नाही. यातलं पैसे भरायचं कुठलं आणि ऑर्डर रद्द करायचं कुठलं?

पुढच्या वेळी तसा लेख आला तर मला पाठवू नका. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये टॉकबॅक असतं, ते चालू करा, डोळे मिटा आणि एक चहा मागवून दाखवा. फक्त ते बंद कसं करायचं हे आधी वाचून ठेवा. माझ्या बहिणीनं वाचलं नव्हतं. रात्री साडेअकराला फोन हातात धरून ती माझ्या दारात उभी होती.