वकील हा हक्क आहे, भीक नव्हे

गरिबाने न्याय मागावा, परंतु वकिलापायी जमीन गहाण टाकून मागावा, हीच आजवरची रीत. हुसैनारा खातून प्रकरणात १९७९ साली सर्वोच्च न्यायालयाने गरीब आरोपीला सरकारी खर्चाने वकील मिळणे हा मूलभूत हक्क ठरविला. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमाती, औद्योगिक कामगार व कोठडीतील व्यक्ती यांना उत्पन्नाची अट ठेवली नाही. मात्र तो अंमलात यायला नोव्हेंबर १९९५ उजाडला!

‘फुकटचा वकील लक्ष घालीत नाही’ अशी तक्रार होते, आणि ती सर्वस्वी खोटी नाही. परंतु त्यावर उपाय सावकाराचे दार नव्हे. स्वतःच्या खटल्यांसाठी नामवंत वकील उभे करणाऱ्या सरकारने गरिबाच्या वकिलालाही पुरेसे मानधन द्यावे, ही मागणी रेटणे हाच उपाय.

तोवर कार्यकर्त्यांनी हात बांधून बसू नये. तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज लिहून द्यावा, तारखेला पक्षकारासोबत उभे राहावे, वकील गैरहजर राहिल्यास लेखी तक्रार करून बदली वकील मागावा. वापरला न गेलेला हक्क कागदावरच मरतो.